किनाऱ्याचं विरजण

दैवशालानं टाकीत शेणकाला ओतला, गूळ ओतला, शेवटी ती देवाला नारळही बोलली. पण जंतू काही जगेनात. मराठवाड्यात तीर्थपुरीच्या बाजूला नाल्यावर उभारलेला हा सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प तिच्या नोकरीतला पहिलाच. घाण खाणारे जंतू टाकीत वाढले तरच पाणी निवळतं. सोमवारी तपासणी होती. पाणी काळंच निघालं तर प्रकल्पाला कुलूप, आणि नाल्याखालच्या विहिरी कायमच्या नासलेल्या. त्यांतली एक तिच्या आईची, गिरिजाबाईची. म्हातारी लांबून हंडे वाहायची आणि इंजिनिअर लेकीला त्याची लाज वाटायची.

मग शेजारणीकडं विरजण मागावं तसं तिनं मैत्रिणीकडं मागितलं. भावना कोकणच्या किनाऱ्यावर असाच प्रकल्प चालवायची. तिथल्या जिवंत गाळाचा टँकर घाट चढून आला, टाकीत रिकामा झाला, आणि दुसऱ्याच दिवशी पाण्यावर तपकिरी फेस धरला.

"जगले बगा, मॅडम," ऑपरेटर संपत म्हणाला. दैवशालाला नाचावंसं वाटलं.

दुपारी तोच पुन्हा आला. "पंप बंद हाय. तरी पानी चढून राह्यलं."

तिनं व्हॉल्व्ह पाहिले, नाल्याकडचं दार पाहिलं. सगळं बंद होतं. पाणी हातभर चढलं, थांबलं, संध्याकाळी आपलं आपण उतरलं. भिंतीवर मिठासारखी पांढरी रेघ राहिली. कापसाच्या रानावरून येणाऱ्या वाऱ्याला मासळीचा वास होता.

"उपसून टाकू का?" संपतनं विचारलं. "मला बराबर वाटंना हे."

"सोमवार होऊ द्या."

सोमवारी तपासणीला आलेल्या साहेबांनी बाटली उन्हात धरली. पाणी नितळ. सही झाली, आणि नाल्याखालची माणसं हलगी वाजवत आली. दैवशाला गुलालात न्हाली, हसून हसून तिचे गाल दुखले. मराठवाड्यात काही होत नाही म्हणणाऱ्यांची तोंडं तिनं एका बाटलीनं बंद केली होती.

महिन्याभरानं ती आईकडं गेली. विहिरीचा वास गेला होता.

"सोन्यावानी पानी झालं बाई," गिरिजाबाई म्हणाली. "सकाळी वर येतं. दुपारी पार तळ दिसतो."

"मंग दुपारी काय करती?"

"घागर सोडती. भरून येती."

"कोरड्यातून?"

"कोन भरून देतं, म्या इचारलं न्हाई. पानी ग्वाड हाय."

दैवशाला काठावर गेली. तळाचे दगड उन्हात कोरडेठाक दिसत होते. तिनं घागरीच्या गळ्याला दोराची निरगाठ मारून ती खाली सोडली. ती दगडावर टेकल्याचा आवाज आला.

दोर जड झाला.

तिनं ओढला. घागर काठोकाठ भरलेली, नितळ. मागं आई कौतुकानं हसली.

निरगाठ सुटली होती. तिच्या जागी दुसरीच गाठ होती, जास्त पक्की.