रखुमाईचा कठडा

"हे ज्यानं बनवलं ना, त्याचे हात झडोत."

ओहोटीच्या चिखलात किंचित कललेल्या होडीवर भामा गुडघे टेकून बसली होती. हातात तारेचा ब्रश, केसांत कालचा सुकलेला अबोलीचा गजरा. समोरच्या स्टीलच्या कठड्यावर तांबूस ठिपके... जणू कुणी रात्रीतून पानाची पिंक शिंपडून गेलं होतं.

"हातच का? पाय झडले तरी चालंल की."

भामानं दचकून खाली पाहिलं. धक्क्यावर एक तरुण उभा होता. धुवट सदरा, कपाळावर काकड आरतीचा बुक्का, खांद्याला कापडी पिशवी.

"तुमी कोन?"

"कळंबोलीचा. कोळीवाड्यात सप्ता बसलाय ना, कीर्तन ऐकायला आलो." बोलता बोलता त्यानं दोन्ही हात हळूच पाठीमागं नेले.

"मग देवळात जा. इथं नुसत्या शिव्या चालल्यात."

"शिव्यापन तालात देता तुमी. टाळ घेऊन बसू का?"

भामाला हसू आलं, पण तिनं ते दाबलं. "तुमाला गंमत वाटतेय. आमच्या बाबाची ही नवी होडी. पनवेलच्या खाडीत असला कठडा कुनाच्या होडीला नाय. काल्याच्या दिवशी पालखी नव्या होडीतून फिरवायची आमची रीत हाय, आनि यंदा तो मान ह्या ‘रखुमाई’चा. आता देवाला काय ह्या गंजात बसवायचं? तो कळंबोलीचा गोरख बाबाला छाती ठोकून बोल्ला होता, ह्याला आयुष्यात गंज धरनार नाय म्हनून..." बोलता बोलता ती थांबली. कळंबोली. पाठीमागं लपवलेले हात. "तुमी... तुमचं नाव काय?"

तो ओशाळून हसला. "गोरखच. हात अजून झडले नायत, पन मुंग्या आल्यात."

भामाला वाटलं, भरती आत्ता यावी आणि होडीसकट आपल्याला घेऊन जावी. पण मागं हटेल ती कोळीण कसली. "बरं झालं आलात. बघा तुमचं काम."

गोरख होडीत चढला. ठिपक्यांवरून त्यानं अंगठा फिरवला, वाकून पाहिलं, आणि त्याची नजर तिच्या हातातल्या ब्रशवर थांबली. "ह्यानं घासता?"

"रोज. मागच्या एकादशीला कीर्तनात बुवा म्हनाले होते, भांडं असो का मन, ज्यानं रोज घासलं त्याचंच लखलखलं. तवापासून एक दिवस चुकवला नाय. ह्याच ब्रशनं आधी नांगर, मग इंजिन, मग हे."

गोरखनं ब्रश उलटा करून पाहिला. तारांच्या टोकांवर लाल भुकटी होती. मग त्यानं तिची सोललेली बोटं पाहिली. काहीतरी बोलणार तोच मागून आवाज आला.

"आलास का, गोरख?" भामाचे वडील, पांडू तांडेल, धक्क्यावर येऊन उभे होते. आवाज चढवायची त्यांना कधी गरज पडत नसे. "पोरा, सगळा कोळीवाडा हा कठडा बघून मग तुझ्याकडं येनार होता. आता समदी बोलतात, तांडेलाला खोटं पोलाद विकलं. बोल, काय झालं?"

गोरखनं एकदा भामाकडं पाहिलं. तिचा ब्रश एव्हाना त्याच्या पिशवीत गेला होता.

"माझीच चूक, तांडेल. नीट करून देतो."

"परवा काला. तवर डाग गेला नाय, तर कठडा उपटून खाडीत टाकीन. आनि ह्या बंदरावर तुला कुनी काम देनार नाय, एवढं ध्यानात ठेव."

गोरखनं कळंबोलीत नुकतीच स्वतःची वेल्डिंगची शेड घातली होती. बंदरातली कामं मिळतील या भरवशावरच. पण तो नुसती मान हलवून म्हणाला, "ठेवतो."

दुसऱ्या दिवशी काकडा संपताच तो हजर झाला. पिशवीतून निघाल्या मऊ चिंध्या, लिंबूसत्त्वाची पुडी आणि खायच्या सोड्याचा डबा.

"कठडा धुताय की भजी तळताय?" भामानं विचारलं.

"आधी गोडं पानी आना. खारं चालनार नाय."

तिनं विहिरीवरून हंडा आणला. लिंबूसत्त्व पाण्यात विरघळवून त्यानं चिंधी भिजवली, ठिपक्यांवर गुंडाळली आणि तो मांडी घालून बसला.

"आता?"

"आता वाट बघायची."

"घासायचं नाय?"

"नाय."

देवळातून मृदंगाचा आवाज येत होता. खाडीवरून थंड वारा आला आणि तिच्या केसांची बट कठड्यावर भुरभुरली. ती बाजूला करायला दोघांचेही हात पुढं झाले... आणि दोघांनीही मागं घेतले.

चिंधी निघाली तेव्हा डाग सैल झाला होता. मग त्यानं ओल्या सोड्यानं अगदी हलकं पुसलं. "असं. स्टीलच्या रेघा जिकडं जातात तिकडंच. आडवं नाय." त्यानं तिचा हात धरून वळवला आणि लगेच सोडलाही. भामानं गोडं पाणी ओतलं. लाल धार खाली वाहून गेली, आणि खालून जे उघडं पडलं ते ती वाकून बघत राहिली. डागाखाली खड्डा नव्हता, ओरखडा नव्हता. चांदीसारखं कोवळं अंग, जणू त्याला गंज कधी शिवलाच नव्हता.

"मग खराब काय झालं होतं?" तिनं पुटपुटत विचारलं. "तुमची चूक ती कसली?"

"असते एखादी."

"ब्रश कुठाय माझा?"

"हरवला."

भामानं सरळ त्याची पिशवी उघडली. ब्रश तिथंच होता, लाल भुकटीसकट. तिनं एकदा ब्रशकडं, एकदा कठड्याकडं पाहिलं.

"हे ह्याच्यावरचं तिकडं गेलं?"

गोरख हळूच म्हणाला, "लोखंडाची बारीक कनी. नांगरावरची, तारांची. ती कठड्यावर बसली, तिला खारं लागलं, तीच गंजली. गंज ह्या स्टीलचा नाय, भामा. बाहेरून आलेला."

"म्हंजे मी रोज..."

"तू रोज मायेनं घासलंस."

"आनि तू बाबाच्या शिव्या खाल्ल्यास? सांगितलं का नाय?"

"तुझी बोटं बघितली." तो खाली पाहत म्हणाला. मग विषय बदलावा तसं म्हणाला, "एक नवल सांगू? दुधावर साय धरते ना, तशी ह्या स्टीलवर एक साय असते. डोळ्याला दिसत नाय इतकी पातळ. तीच त्याला राखते. ओरबाडली तरी पुन्हा धरते. आपन फक्त मळ काढायचा. पुढं गोडं पानी आनि मोकळी हवा. बाकी त्याचं ते करतं."

भामानं ओल्या कठड्यावर तळवा ठेवला. आत्ता, या क्षणी, तिच्या हाताखाली काहीतरी न दिसता धरत होतं. देवळात नाम चाललं होतं आणि तिचे डोळे उगाच भरून आले. कुणी घडवलं असेल हे? ज्यानं दुधाला साय दिली त्यानंच.

काल्याच्या दिवशी भरतीनं खाडी काठोकाठ आली. दहीहंडी फुटली, पालखी धक्क्यावर आली, आणि सगळ्यांची तोंडं वळली. ‘रखुमाई’चा कठडा उन्हात असा तळपत होता की बघणाऱ्यांनी आपोआप हात जोडले. वरच्या नळीत सगळं आकाश उतरलं होतं.

पांडू तांडेल बुवांना म्हणाले, "पोरानं माल खोटा दिला होता, पन निस्तरला. मानलं पायजे."

गोरख गर्दीत मागं उभा होता.

"माल खरा होता, बाबा."

भामा पुढं आली. सगळा कोळीवाडा बघत होता. "गंज मी लावला. नांगराच्या ब्रशनं घासून घासून. ह्याला पहिल्याच दिवशी कळलं होतं, तरी आळ ह्यानं सोतावर घेतला. बुवा, तुमी रोज घासायला सांगितलं होतं. कशानं घासायचं ते विचारायचं माझ्याकडून राहिलं."

बुवांच्या हातातली वीणा क्षणभर थांबली. मग ते मिशीत हसले. "पोरी, माझंही सांगायचं राहिलंच की. पुढच्या कीर्तनात घेतो."

तांडेलांनी मानाचा नारळ उचलला, गर्दीतून वाट काढत गेले आणि गोरखच्या हातात ठेवला. "चल. आज तुझ्या हातचा. आनि तुला खोटा म्हनालो ते मी परत घेतो... समद्यांसमोर."

पालखी होडीत बसली. नारळ खाडीला गेला. टाळ वाजू लागले आणि ‘रखुमाई’ पाणी कापत निघाली. पाण्यावरची ऊन-सावली कठड्यावरून धावत होती. भामा आणि गोरख शेजारी शेजारी कठडा धरून उभे होते. दोघांच्या हातांत वीतभर अंतर होतं.

"हात दाखव," भामा म्हणाली.

त्यानं दाखवले. चिरा पडलेले, वेल्डिंगच्या ठिणग्यांनी डागाळलेले.

"झडले नायत."

"तुझा शाप कच्चा निघाला."

"नायतर काय... बरं झालं." ती पाण्याकडं बघत म्हणाली. "आता ह्याला कसं राखायचं?"

"रोज गोड्या पान्यानं पुसायचं. मऊ फडक्यानं."

"रोज? मला एकटीला नाय जमनार. पुन्हा चुकंल माझं काय तरी."

गोरखचा आवाज एकदम हलका झाला. "मग... मी येत जाऊ? कळंबोली काय लांब नाय."

"किती दिवस येशील?"

"तू हंडा आनशील तवर."

भामाचा हात कठड्यावरून सरकला. रेघ जिकडं जात होती तिकडंच, हलक्यानं, आणि त्याच्या हातापाशी येऊन टेकला. खालच्या लखलखीत स्टीलमध्ये पालखीची फुलं, खाडी, ऊन आणि ते दोन हात एकाच उजेडात थरथरत होते.

सुकाणूवरून, मागं वळूनही न बघता, पांडू तांडेल म्हणाले, "रोज यायचं तर ये. आदी आईबापाला घेऊन ये, म्हंजे झालं."