बाराव्या जोडीचं रेकॉर्डिंग

दर सोमवारी दुपारी तीन वाजता भाषा प्रयोगशाळेचं कुलूप काढायचं, संगणक सुरू करायचे आणि परदेशातल्या एका विद्यापीठाशी आमचा इंग्रजीचा वर्ग जोडून द्यायचा, एवढंच माझं काम. त्यांचे बारा विद्यार्थी, आमचे बारा. जोड्या लावून गप्पा मारायच्या. बाराही जोड्या शेवटपर्यंत टिकल्या तर मी नोकरीत कायम होणार होते. सात वर्षं हंगामी म्हणून झिजले होते मी, तेव्हा मला शहाणपण शिकवू नका.

तिसऱ्या आठवड्यात बाराव्या जोडीतली आमची मुलगी तापाने गेली. पलीकडे मी कळवलंच नाही. शेजारच्या केबिनमध्ये दार लावून, कॅमेरा बंद ठेवून तिच्या नावाने मीच बोलायची. तिच्यासारखी अडखळत, मुद्दाम चुका करत. तिची जोडीदारीण भाबडी होती, तिला संशय आला नाही. पुढेपुढे मलाही लाज वाटेनाशी झाली.

शेवटच्या सोमवारी विभागप्रमुखांनी ऐनवेळी बैठकीत अडकवलं. केबिनची किल्ली माझ्या पर्समध्ये. सगळं मुसळ केरात गेलं असं धरूनच मी परतले. वर्ग संपला होता. केबिन उघडली तर आत तापलेल्या वायरींचा वास...

प्रत्येक जोडीचं रेकॉर्डिंग आपोआप माझ्याकडे येतं. त्या दिवशी अकरा यायला हवी होती. बारा आली होती. बाराव्यासोबत जोडीदारणीची एक ओळ होती, "आज तुझा आवाज पुन्हा पहिल्यासारखा होता. मधले इतके दिवस कोण बोलत होतं?"

मी हेडफोन लावले. आधी नुसती घरघर, मग आमची ती मुलगी. तिचाच आवाज, कुठेही न अडखळता. घरच्यांबद्दल, आजारपणाबद्दल सांगत होती. माझ्याबद्दल चकार शब्द नाही. भीती नंतर वाटली, आधी मला रागच आला. अर्ध्यात बंद करून मी ते पुसून टाकलं आणि बाराही जोड्या पूर्ण झाल्याचा अहवाल दिला.

कायम झाल्याचा आदेश हातात पडला त्याच दुपारी तिच्या आईचा फोन आला.

"मॅडम, तुम्ही पाठवलेलं ऐकलं. फार उपकार झाले."

मी काहीच पाठवलं नव्हतं. ते तर मी पुसून टाकलं होतं.

"एक विचारू? राग मानू नका..." आई हळूच म्हणाली. "शेवटी तुम्ही हुंदके देताय. ती सारखी म्हणतेय, मॅडम, माझी जागा सोडा आता... तुम्ही उठत का नव्हता?"

खरं सांगते, त्या मुलीसाठी मी कधीच रडले नव्हते. अजून तरी नाही.