विसावी घडी

बारामतीच्या बाजारात मेथीच्या जुड्या बांधणाऱ्या बाया शंभर असतील. पण डाव्या हाताच्या दोन बोटांनी गाठ मारणारी एकच — निरवांगीची कौसल्या. म्हशीनं शेपटी हलवायच्या आत तिची जुडी तयार. एकदा म्हणे बोलता बोलता तिनं गिऱ्हाइकाच्या मिशीलाच वाखाच्या दोरीची गाठ मारली. ते गिऱ्हाईक मात्र अजून कबूल होत नाही.

मानसिंग आला तो मेथी घ्यायला, आणि जुडी हातात धरून उभाच राहिला. बावड्याचा हा उंच गडी मोहनराव डॉक्टरांच्या दवाखान्यात ऑपरेशनला मदतीस असायचा. रक्त टिपायचं, चिमटे धरायचे, दोरा कापायचा.

"जुडी नको व्हय?" कौसल्यानं विचारलं.

"जुडी न्हाय... बोटं पायजेत."

"ती इकायची न्हाईत," ती म्हणाली, आणि कानापर्यंत लाल झाली.

डॉक्टरांना हत्यारं हाती द्यायला चपळ बाई हवी होती, एवढाच त्याचा अर्थ. तो समजावता समजावता त्यानं सहा बाजार घालवले. सातव्या बाजाराला तिचे वडील गेणबा कंटाळून हो म्हणाले.

मग शिकवणी सुरू झाली. डॉक्टर पोट उघडल्यावर बोलत नसत, नुसता हात पुढं करत. दोन बोटं फाकली की कात्री, तळवा उपडा की चाकू, उताणा की चिमटा. दुपारी मानसिंग हात पुढं करायचा आणि कौसल्या हत्यार ठेवायची. दोघांच्या तोंडावर फडकी, दिसायचे ते नुसते डोळे. फडक्याआड हसू लपतं, डोळ्यांतलं मात्र...

आणि मोजणी. पोट उघडण्याआधी रक्त टिपायच्या गॉजच्या घड्या मोजायच्या, शिवण्याआधी पुन्हा. गेल्या तितक्या परत यायला हव्यात. एखादी आत राहिली तर माणूस आतून नासतो. कौसल्या बाजाराच्या रीतीनं मोजायची. 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं. लाभ, दोन, तीन, चार, पाच — झाला पाचुंदा. मानसिंग चिडवायचा, की बाई, हे पोट हाय का कडब्याची गंज? पण एक गोष्ट तो न हसता सांगायचा.

"आकडा जुळला न्हाय, तर डॉक्टरांना अडवायचं. समोर कुणीबी निजलेलं असू दे."

चौथ्या महिन्यात समोर तोच निजला.

सकाळी पोट धरून बसला, दुपारी पिवळा पडला. अपेंडिक्स. पुण्याला नेण्याइतका वेळ नव्हता. कमरेत सुई टोचून डॉक्टरांनी खालचं अंग बधिर केलं. वरचा माणूस जागाच. छातीशी आडवी चादर ताणली, आणि त्याचे डोळे पलीकडं गेले. रोज ज्या डोळ्यांकडं बघून ती शिकली, ते आज नव्हते. त्याची कामंही आता तिच्याच अंगावर होती. तिनं वीस घड्या मोजल्या — चार पाचुंदे — आणि उभी राहिली.

हात पुढं आला, चाकू गेला. हात आला, चिमटा गेला. तिच्या कपाळावरचा घाम प्रयागबाई टिपत होती. ही म्हातारी पंधरा वर्षं दवाखान्यात आया होती. अपेंडिक्स निघालं. डॉक्टरांनी शिवायला हात पुढं केला.

कौसल्यानं मोजलं. तीन पाचुंदे आणि चार.

पुन्हा मोजलं. बादलीत बघितलं, टेबलाखाली बघितलं. एकोणीस.

डॉक्टरांचा हात अजून पुढंच होता. त्या हाताला आजवर कुणी थांबवलं नव्हतं.

"सुई देत न्हाय, डॉक्टर," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू येईना. "एक घडी कमी हाय."

डॉक्टर तापले. तुझं ते लाभ-दोन बाजारात चालतं, म्हणाले. लाभ धरायला विसरली असशील, पोट किती वेळ उघडं ठेवू? तिच्या डोळ्यांत पाणी आलं. खरंच विसरली असेल का? घड्या समोर होत्या, आणि आकडे धुक्यात.

चादरीपलीकडून आवाज आला, अगदी बारीक.

"डॉक्टर... तिचा लाभ कधी चुकत न्हाय. मी रोज ऐकतोय. बघा आत."

डॉक्टरांनी एकदा तिच्याकडं पाहिलं, आणि हात पुन्हा आत घातला. आतड्यामागं, रक्तानं भिजून आतड्याच्याच रंगाची झालेली, विसावी घडी निघाली. ती त्यांनी बादलीत टाकली आणि खाकरले.

"मोज परत. लाभापासून."

तेव्हापासून त्या दवाखान्यात 'एक' हा आकडा बंद झाला म्हणतात. पेशंटचा ताप शंभरावर लाभ सांगायचे.

आठव्या दिवशी टाके निघाले. आता महिनाभर तो बावड्याला जाणार होता, आणि तिथं आईनं मुलगी बघून ठेवलीय, हे प्रयागबाईनं मुद्दाम मोठ्यानं सांगितलं. कौसल्या कात्री पुसत राहिली. पुसलेलीच पुन्हा.

खाटेवरून मानसिंगचा हात पुढं आला. बोटं सैल, तळवा जरासा कललेला.

"हे कुठलं हत्यार?" ती म्हणाली. "हे शिकवलं न्हाय तुमी."

"डॉक्टर हे मागत न्हाईत."

"...आन् बावड्याची?"

"आईला चिठ्ठी धाडली, नको म्हणून. जिनं माझ्या पोटातलं सगळं मोजून घेतलंय, तिच्यापास्नं लपवायला आता काय ऱ्हायलंच न्हाय."

कौसल्यानं कात्री ठेवली. डाव्या हाताची दोन बोटं त्याच्या बोटांभोवती फिरली. प्रयागबाई औषध घेऊन आली, चमचा वाजवला, खोकली — पण बोटं सुटेनात. वाखाशिवायच जुडी बांधून तयार.