लुडमिलाच्या बाजूचा बिछाना

गेल्या वर्षीची चौदा नोव्हेंबर, रात्रीचे साडेनऊ. नेब्रास्कातल्या वाळूच्या टेकड्यांत कुबिचेकांचं रिकामं घर. बाहेर बर्फ.

हसू नका, पोरांनो. लोवेलनं हे मला तुरुंगात, काचेपलीकडून सांगितलंय. आयुष्यभर बातमीदारी केली मी. थापा मारणारा माणूस मला कळतो.

शंभरेक वर्षांपूर्वी सरकारी जमीन फुकट मिळायची, तेव्हाची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. घर बांधा, पाच वर्षं तिथंच झोपा, जमीन तुमची. फ्रांतिशेक कुबिचेक आणि त्याची बहीण लुडमिला यांनी शेजारशेजारचे तुकडे घेतले आणि बरोबर हद्दीवर एकच घर बांधलं. त्याचा बिछाना पश्चिमेला, तिचा पूर्वेला. पाचवं वर्ष भरत आलं आणि भावानं शपथेवर सांगितलं, बहीण जमीन टाकून पळाली. सरकारनं शिक्का मारून तिचा तुकडाही त्याच्या नावावर केला. एका बाबूनंही विचारलं नाही, की बाई गेली कुठं!

लोवेलची आई लुडमिलाच्या धाकट्या बहिणीची नात. जमिनीच्या जुन्या कागदांच्या नकला मिळवून तो हद्द शोधायला आला. सोबत जमिनीचा आताचा मालक, फ्रांतिशेकचा पणतू क्लेटन. दोघांनी घरात मोजून हद्दीवर दोरी ताणली. तोवर रस्ता बर्फानं बंद.

"मेलेल्या म्हातारीसाठी एवढा खटाटोप कशाला रे, लेका?"

"आईला लुडमिलाच्या नावाचा थडग्याचा दगड बसवायचाय. आई आता नाताळपर्यंत काही जगत नाही, क्लेटन. कुठं बसवू, तेवढं सांग."

"कॅलिफोर्नियात बसव. तिकडंच पळाली ना!"

"गाय, पेटी, बूट, सगळं इथं टाकून? अनवाणी?"

क्लेटन हसला. दोरी ओलांडून पूर्वेला त्यानं अंथरूण टाकलं. "हा बघ, झोपलो म्हातारीच्या जागेवर. हिंमत असेल तर उठव म्हणावं!"

कंदील विझला.

धप्प.

"क्लेटन?"

...

धप्प. ओलं काहीतरी लोवेलच्या तोंडावर उडालं. गरम.

मग ओढल्याचा आवाज. हळू. दोरीपर्यंत... दोरीवरून... त्याच्याकडे.

...

उजाडलं तेव्हा क्लेटन पश्चिमेला, लोवेलच्या पायाशी पडला होता. डोकं कानापर्यंत फाटलेलं. दारापुढच्या बर्फावर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. हत्यार आजवर सापडलेलं नाही. तरी शेरिफनं लोवेललाच बेड्या घातल्या. डिसेंबरात आई गेली, मुलगा कोठडीत असताना. जे पहिल्यांदा लिहून दिलं तेच खरं, ही इथली जुनी खोड!

मी घरात जाऊन फोटो काढलेत. क्लेटनच्या अंथरुणाखाली, मातीच्या भुईत, माणसाएवढा खड्डा होता. शेरिफ म्हणतो, लोवेलनंच खणला. कशानं? जमीन दगडासारखी गोठलेली, त्याची नखं शाबूत. आणि माती आतून वर लोटलेली.

तळाला कुशीवर निजलेल्या बाईच्या अंगाचा ठसा आहे. अनवाणी टाचांसकट. आत हाडाचा तुकडाही नाही.