सशाची जांभई

सशाचं डोकं पुन्हा दुखायला लागलं आणि तालीम तिथेच अडली. ससा म्हणजे भिंगरीचा धाकटा भाऊ, पिटुकला. कापसाचे लांब कान सावरत तो कपड्यांच्या खोलीतून बाहेर आला, रंगमंचाच्या पायरीवर फतकल मारून बसला आणि त्याने मोठी जांभई दिली. मागोमाग अस्वल येऊन म्हणालं, मला मळमळतंय.

सुट्टीतला मेळावा उद्यावर आलेला, त्यामुळे नाटक बसवणाऱ्या आत्याचा पारा चढला. "पाठांतर नको म्हणून सगळी सोंगं चाललीत!" असं म्हणून तिने दोघांना खोलीत पिटाळलं.

भिंगरीलाही आधी तसंच वाटलं होतं. पिटुकला म्हणजे नंबर एकचा नाटक्या. गृहपाठ दिसला की त्याच्या पोटात दुखायचं. पण मघाशी तिने चॉकलेट पुढे केलं, तर ते त्याने नको म्हटलं. सोंग करणारं पोर चॉकलेट सोडत नाही. तिच्या मनात पाल चुकचुकली.

तिचा चुलतभाऊ प्रत्येक गोष्टीत "पण का?" विचारायचा, म्हणून घरात सगळे त्याला शंकासुर म्हणत. पोरांना रंगांच्या वासाने त्रास होतोय, असं कुणीतरी म्हटलं, ते त्याला पटेना.

"काल सकाळी आपण त्याच खोलीत मुखवटे रंगवले," तो म्हणाला. "तेव्हा कोणाचं डोकं दुखलं?"

"मग काल सकाळी तिथे काय नव्हतं?" भिंगरीने विचारलं.

दोघांनी कान टवकारले. भिंतीपलीकडून एकसारखी घरघर ऐकू येत होती. जनरेटर!

रंगमंचाचे दिवे त्यावर चालत आणि दिव्यांचं सगळं काम भिंगरीच्या काकांकडे. मागच्या वर्षी त्यांनी जनरेटर अंगणात ठेवला होता. शेजारचे आजोबा तेव्हा आजारी होते, आवाजाने त्यांचा डोळ्याला डोळा लागला नाही. काका मनाला लावून घेणारे. यंदा, काल दुपारी, त्यांनी जनरेटर आत, अडगळीच्या खोलीत नेला, दार लावून घेतलं आणि आवाज बाहेर जाऊ नये म्हणून खिडकीत जुनी गादी कोंबली. काकांच्या या युक्तीचं सगळ्यांनी तोंड भरून कौतुक केलं होतं.

कपड्यांच्या खोलीत टेबलावर चढून भिंगरीने छताजवळच्या जाळीवर बोट फिरवलं. बोट काजळीने काळं झालं. जाळीच्या पलीकडे ती अडगळीची खोलीच होती. शंकासुराचा चेहरा उतरला. विज्ञानाच्या बाईंनी सांगितलं होतं, बंद जागेत इंधन जळलं की विषारी वायू साचतो. त्याला स्वतःचा वास नसतो, माणसाला नुसती झोप येते आणि झोपलेला माणूस कधीकधी उठतच नाही.

दोघं धावत काकांकडे गेली. काका शिडीवर, तोंडात वायर धरलेली. एवढ्याशा जाळीतून काय येणार, नसती खुसपटं काढू नका, म्हणाले. आत्याने तर ऐकूनही घेतलं नाही. उलट हुकूम सोडला, की आता पूर्ण तालीम होईल, सगळे प्राणी खोलीत बसतील आणि हाक मारेपर्यंत दार बंद राहील.

"सांगून ऐकत नाहीत ना?" भिंगरी म्हणाली. "मग कपड्यांची पेटीच पळवू."

दोघांनी पेटी उचलली आणि सगळ्यांच्या देखत अंगणाकडे धूम ठोकली. मुखवटे चालले, शेपट्या चालल्या, अशी बोंब उठली. अस्वल, कोल्हा, माकडं, सगळी त्यांच्यामागे अंगणात आणि त्यांच्यामागे चिडलेली आत्या. बेत फत्ते झाला म्हणून शंकासुर हसायला लागला.

भिंगरी मात्र हसेना. घोळक्यात कुठेच कापसाचे कान दिसत नव्हते. पिटुकल्याने कपडे आधीच चढवले होते. तो पेटीमागे कशाला धावेल?

ती आत धावली. खोलीच्या कोपऱ्यात, पडद्यांच्या ढिगावर ससा झोपला होता. नाटकात झाडाखाली झोपायचा, तस्साच. "उठ रे, सोंग पुरे," ती म्हणाली. तिने त्याला गदागदा हलवलं. त्याची मान एका बाजूला कलंडली. तिने त्याला काखेत धरून दाराकडे ओढलं आणि जिवाच्या आकांताने काकांना हाक मारली.

या वेळी काका शिडीवरून उतरले नाहीत, उडीच मारली. त्यांनी पिटुकल्याला उचलून अंगणात आणलं. शंकासुराने दारं सताड उघडली, आत्याने दवाखान्याची गाडी बोलावली. काकांनी बाहेरून खिडकीतली गादी ओढली, तेव्हा धुराचा लोट बाहेर पडला आणि सगळ्यांचे चेहरे पांढरे पडले.

दवाखान्यात नाकावर प्राणवायूची नळी लावल्यावर बऱ्याच वेळाने पिटुकल्याने डोळे उघडले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेळेवर आणलंत. उशीर झाला असता तर काय, ते कोणी विचारलं नाही. आत्याने दोघांना जवळ घेतलं, शाबासकी दिली आणि तिलाच रडू फुटलं.

काका लांब बाकावर बसून होते. भिंगरी जवळ गेली तरी त्यांची मान वर होईना.

"शेजारच्यांची झोप मोडू नये म्हणून केलं गं," ते म्हणाले. "आणि आपल्याच पोराला... तू सांगत होतीस, मी शिडीवरून खालीसुद्धा उतरलो नाही."

भिंगरीला त्यांचा रागही आला होता आणि कीवही. ती त्यांना टेकून बसली.

मेळावा पुढे ढकलला. तो झाला भर दुपारी, अंगणात, उन्हाच्या उजेडात. शेजारच्या आजोबांनी खिडकीत खुर्ची मांडली होती. पिटुकल्याने जांभई दिली, झाडाखाली आडवा झाला आणि डोळे मिटले. सगळे हसले. पहिल्या रांगेत बसलेली भिंगरी मात्र ताडकन उभी राहिली. काकाही.

सशाने एक डोळा किलकिला केला आणि हळूच म्हणाला, "खाली बस ना ताई, सोंग आहे."