फळी पुसून होईपर्यंत

काडेपेटी ना? आहे, देतो. पण बसा जरा. इथे लाइट गेले की लवकर येत नाहीत, आणि वर जाऊन अंधारात एकटे काय करणार? हा बघा दिवा लावला. दुपारी सामान चढवताना पाहिलं तुम्हाला. दमला असाल. त्या खुर्चीत नको, ती तिची आहे. इकडे या, भिंतीसमोरच्या या स्टुलावर बसा.

मागे वळून तो कोपऱ्यातला कॉम्प्युटर बघताय होय? सगळेच बघतात. मी शाळेचं तोंड पाहिलं नाही, जन्मभर लोकांच्या भिंती रंगवल्या. माझ्या घरात हे यंत्र कशाला, असं वाटतं माणसाला. ते माझं नाही. बायकोचं. ती टायपिंगची कामं घरी आणायची. मला अक्षरं लावायला तिनंच शिकवलं, पण ती आपली मराठी, साधी. पडद्यावरची इंग्रजी अक्षरं मला अजून मुंग्यांच्या रांगेसारखी दिसतात.

आजारपणात तिच्या लक्षात आलं की हा माणूस आता मागे एकटा राहणार आणि याला घरातलं ओ की ठो कळत नाही. मग तिने काय केलं, सगळं स्वतःच्या आवाजात त्या यंत्रात बोलून ठेवलं. सकाळच्या गोळ्या कुठल्या, सिलिंडर कसा बदलायचा, स्वेटर कसा धुवायचा. प्रत्येकाची सुरुवात एकच. "अहो, ऐकताय का?" आणि एक असंच बोललेलं, कामाचं काही नाही त्यात. मन लागत नसेल तेव्हा लावा, म्हणाली.

पण मला कुठलं काय ते ओळखू कसं यावं? तर तिने आमच्या स्वयंपाकघरातल्या फळीचा फोटो काढला आणि तोच पडद्यावर मागे लावला. हिरवी फळी, मीच रंगवलेली, आणि वर बरण्या-डबे ओळीने. मग एकेका बरणीवर एकेक ते छोटं चित्र नेऊन ठेवलं. आयकॉन म्हणतात त्याला. चहाच्या डब्यावरचं दाबलं की सकाळच्या गोळ्या. साबणाच्या डब्यावरचं दाबलं की कपडे. झाकण तुटलेली काचेची बरणी होती, ती रिकामीच असायची. तिच्यावर ते मन न लागण्याचं.

ती गेल्यावर रोज सकाळी मी यंत्र सुरू करायचो, तिच्या खुर्चीच्या बाजूला स्टूल घ्यायचो, आणि ऐकायचो. गोळ्या पाठ झाल्या होत्या हो. तरी ऐकायचो.

एका सकाळी सुरू केलं, तर फळी आहे, बरण्या आहेत, पण वर एकही आयकॉन नाही. यंत्र चालू, बाण हलतोय, आणि बाकी सगळं साफ. घर धुऊन नेल्यासारखं.

कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याला बोलावलं. माणूस वाईट नाही, पण तोंडाला खळ नाही. आल्या आल्या हसायलाच लागला.

"आजोबा, एवढ्यासाठी दुकान बंद करायला लावलंत? काही गेलेलं नाही. नुसतं लपलंय." पडद्यावर उजवं बटण दाबून त्याने दाखवलं. तिथे व्ह्यू म्हणून असतं, त्यात आयकॉन दाखवायची एक ओळ, आणि तिच्यापुढे बरोबरची खूण. "ही खूण काढली की सगळं दिसेनासं होतं. कोणीतरी काढलीय."

"कोण काढणार? घरात मी एकटा."

"मग तुम्हीच."

"मला ती ओळ वाचता येत नाही, बाबा."

"म्हणूनच चुकून," म्हणाला. त्याने खूण केली, सगळं परत आलं. दुसऱ्या दिवशी सुरू केलं, पुन्हा साफ. पुन्हा आला. या वेळी त्याने खालची बटणं दाबून कसलीशी चौकट उघडली, एक्सप्लोरर म्हणून काहीतरी बंद करून परत सुरू केलं, व्हायरस तपासला. सगळं नीट करत होता, तसं मी म्हणेन. पण मी पाणी आणायला आत गेलो, तेवढ्यात त्याने माझ्यावर उपकार म्हणून आणखी एक खूण करून ठेवली.

बाहेर येऊन बघतो तर सगळे आयकॉन डाव्या कडेला, एकाखाली एक, शाळेतल्या पोरांसारखे रांगेत उभे! फळी रिकामी!

"हे काय केलंस?"

"ऑटो अरेंज. कसेही इकडेतिकडे पसरले होते. आता कसं, छान दिसतंय."

मी चिडणारा माणूस नाही. ओल्या भिंतीला लोकांनी हात लावले तरी मी पुन्हा ब्रश मारायचो, बोलायचो नाही. पण त्या दिवशी माझ्या डोक्यात तिडीक गेली. पसरले होते म्हणे! ज्या बाईने धाप लागत असताना एकेक बरणी बघून ते मांडले, ते पसरले होते? मी म्हणालो, "तुझ्या घरी जाऊन तुझ्या बायकोचे डबे उंचीने लावू का मी?"

त्याने माउस पुन्हा हातात घेतला. "तुम्ही सांगा कुठे कुठे होतं, मी ठेवतो." पण कुठलं चित्र कुठल्या बरणीवर, ते सगळी एकसारखी दिसल्यावर मला काय सांगता येणार? तोवर संध्याकाळ झाली, तो गेला. सकाळी सुरू केलं, पडदा साफ.

मुलाला फोन केला. तो दुसऱ्या गावी असतो, सुट्टीच्या दिवशी येतो. आला, खटाखट बोटं मारली, आणि म्हणाला, "बाबा, मशीन जुनं झालंय. आईचं सगळं मी मोबाइलवर घेतो, तुम्ही मोबाइलवर ऐका. हे नेऊन फॉरमॅट करू."

"म्हणजे काय?"

"सगळं पुसून कोरं करायचं."

कोरं करायचं! असं सहज, पाटीवरचं पुसावं तसं. बरं, मोबाइलवर घेतलं तर घेतलं, लावून दाखव म्हटलं. त्याने लावलं. आवाज येईना. मग येऊ लागला, पण तिचा नाही. टक्... मग बराच वेळ काही नाही... मग टक्. दुसरं लावलं, तेच.

"फाइल खराब झाल्यात," मुलगा म्हणाला. पण तिसरं काही त्याने लावून पाहिलं नाही. मला मात्र तो आवाज ओळखीचा वाटला. कडप्प्याच्या ओट्यावर बरणी टेकवल्याचा.

"उद्या सकाळी गाडीत घालून नेतो," म्हणाला आणि त्याच्या मित्राकडे मुक्कामाला गेला. माझ्यापाशी राहिला असता तरी चाललं असतं, पण असो.

मी दुपारभर त्या यंत्रासमोर बसलो. उद्या हे जाणार, आणि ती दुसऱ्यांदा जाणार. आभाळ भरून आलं होतं, घरात राखेसारखा उजेड. आणि मला तिचाच राग यायला लागला. खरं सांगतो. मी तोंडाने बोललो, "पुरे झालं हं. पोरगा पुसायला निघालाय, आणि तू लपाछपी खेळतेस? काय चुकलं माझं?"

बोललो मात्र, आणि माझं मलाच उमगलं. तिचा एक शिरस्ता होता. फळीला दुसऱ्या कोणाचा हात लागला की ती एक डबा हलवून थांबायची नाही. माझी बहीण एकदा राहायला आली, तिने कौतुकाने डबे उंचीप्रमाणे लावले. बहीण गेल्याबरोबर हिने सगळी फळी खाली उतरवली. ओट्यावर मांडली. फळी ओल्या फडक्याने पुसली, सुकू दिली, आणि मग एकेक पुन्हा जागेवर. ते होईपर्यंत कोणी आत जायचं नाही. मी दारात उभा राहिलो तर म्हणायची, "तिकडे तोंड करून बसा. कोणी बघत असलं की माझं चुकतं."

आणि ती मांडत असताना दरवेळी मी काय करत होतो? पडदा पुसतोय, सुरू करतोय, बंद करतोय, माणसं बोलावून दाखवतोय. म्हणजे मी सतत दारातच उभा!

मी यंत्र बंद केलं. पुन्हा सुरू केलं. आणि स्टूल फिरवून भिंतीकडे तोंड करून बसलो, आत्ता तुम्ही बसलात तिथेच. म्हणालो, "घे. बघत नाही."

आधी काहीच नाही. पंखा घुरघुरतो त्या यंत्रात, तेवढाच. मग ओल्या लाकडाचा वास आला. पाऊस अजून पडायला लागला नव्हता. मग टक्. मला वाटलं यंत्रातून आला. पुढचा आला तो आतून, स्वयंपाकघरातून. काच घासल्याचा. झाकण फिरवल्याचा. मधेच ती थांबायची ना, कुठलं कुठे ते आठवायला, तशी थांबली. वळावंसं फार वाटलं, पण वळलो नाही. म्हटलं, वळलो तर ही पुन्हा सगळं उतरवेल.

आवाज थांबल्यावरही बराच वेळ तसाच बसलो. सुकायला वेळ लागतो, मला माहीत आहे.

वळलो. सगळं जागेवर! चहाच्या डब्यावर, साबणाच्या डब्यावर, तुटक्या बरणीवर. दाबलं. "अहो, ऐकताय का?" मी रडलो हो लहान मुलासारखा.

सकाळी मुलगा आला, बघून म्हणाला, "बघा, आपोआप झालं ना? उगाच घाबरवता." आपोआप! गाडी रिकामी घेऊन गेला, त्यात मी जिंकलो.

पण त्याला मी एक दाखवलं नव्हतं.

फळीच्या टोकाला, उजवीकडे, फोटोत काहीच नव्हतं. तिथे आता एक डबा दिसतो. पत्र्याचा, कडेला पांढरे ओघळ. माझा ब्रश धुवायचा डबा. टर्पेंटाइनचा वास मारतो म्हणून तिने जन्मात कधी तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत येऊ दिला नाही. खरा डबा खाटेखाली होता, तिथेच आहे. पण फोटोतल्या फळीवर तिने त्याला जागा केली. आणि त्याच्यावर एक नवीन आयकॉन.

मी दाबला. तिचा आवाज नाही. माझा.

"बाळा, ऐकतोस का?" माझा आवाज माझ्या मुलाला सांगत होता. वरच्या कपाटाची किल्ली कुठे. मीटरची पेटी कशी उघडते. गोळ्या उरल्यात त्या फेकून दे, आता लागणार नाहीत.

मी यातलं एक अक्षर कधी बोललो नाही! मला विचारलं का कोणी? संसारभर हेच केलं तिनं. कुठे राहायचं, मुलाला कुठल्या शाळेत घालायचं, सगळं ठरवून मग मला सांगायची, आणि मी मान हलवायचो. पण हे? हे तरी विचारायला नको? मी तिला रोज सांगतो, अजून नाही. मला अजून यायचं नाही. ती तुटकी बरणी मला अजून खूप दिवस ऐकायची आहे. ती ऐकून घेते कुठे! रोज सकाळी लावतो, रोज त्यात एक वाक्य वाढलेलं असतं, माझ्याच आवाजात, माझ्यासारखंच सावकाश.

आज सकाळचं सांगू? सकाळी, म्हणजे तुमचा टेम्पो यायच्या आधी. त्यात म्हटलंय, "वरती नवीन राहायला आलेत त्यांना विचार. लाइट गेले होते, दिवा लावून बसलो होतो. शेवटचं त्यांच्याशीच बोललो."

अहो, उठू नका... बसा. तुमचा काय दोष त्यात? माझं भांडण तिच्याशी आहे.

लाइट आले का? नाही... समोरची सगळी घरं अंधारातच आहेत. मग भिंतीवर हा निळा उजेड कसला पडलाय? आपल्या दोघांच्या सावल्या बघा...

टर्पेंटाइनचा वास येतोय का तुम्हाला? तो डबा मी झाकण घट्ट लावून ठेवला होता.

नाही, वळू नका. तिला चालत नाही. तिकडेच तोंड करून बसा... आणि ऐकतेस ना गं, माझं बोलणं अजून संपलेलं नाही. पाहुण्यांना काडेपेटी द्यायची राहिलीय.