धुतलेला डबा

ही ऐकीव गोष्ट नाही. तो डबा माझ्या भाचीच्या, हेमांगीच्या, हातात होता. गेल्या मार्गशीर्षातली गोष्ट. आणि रात्रही नव्हती. भर दुपारचा एक वाजला होता.

ठाण्यात खोपटच्या पुढे ती कामाला होती तो कारखाना. तिथे टेलिफोनची यंत्रं बनायची. शेवटच्या टेबलावर सीताराम प्रत्येक यंत्र फोन लावून तपासायचा. बरोबर एकला त्याचा फोन हॉलच्या दुसऱ्या टोकाला, हेमांगीच्या टेबलावर वाजायचा.

“चल गं, जेवून घे. यंत्रं काय पळून जात नाहीत.”

सव्वीस वर्षं तो हेच करत आला.

एका सकाळी सगळ्यांना मैदानात बोलावलं. कामावरून काढलेल्यांची चारशे बारा नावं वाचली. त्यात सीतारामचंही होतं. त्यांना परत आत सोडलंच नाही.

सीताराम गेटबाहेरून म्हणाला, “अगं, माझा डबा आत राहिला. भरलेला आहे. आणतेस?”

हेमांगीला आवराआवरीसाठी ठेवलं होतं. साहेब बघत होते.

“उद्या आणते, दादा.”

उद्याही तिची हिंमत झाली नाही. परवाही नाही.

चौथ्या दिवशी सीताराम दिवा स्टेशनजवळ, आपल्या घराबाहेर, पाण्याच्या रांगेत हंडा ठेवून खाली बसला. उठलाच नाही.

बाराव्या दिवशी हेमांगी हॉलमध्ये एकटीच खोकी बांधत होती. वीज तोडलेली. पाणी तोडलेलं.

एक वाजला...

तिच्या टेबलावरचा फोन वाजला.

त्याची वायर तिनेच सकाळी कापून गुंडाळून ठेवली होती.

तिने उचलला. कुणी बोललं नाही. नुसतं नळाचं पाणी पडत होतं... कुणीतरी भांडं घासत होतं...

मग तेही थांबलं.

ती सीतारामच्या कपाटाकडे धावली. डबा जागेवरच होता. तिने तो उचलला आणि थेट दिवा गाठलं.

“वहिनी, दादांचा डबा. मला उशीर झाला हो.”

सीतारामच्या बायकोने, मंजुळावहिनींनी, डब्याला बांधलेल्या फडक्याची गाठ सोडली. बारा दिवसांचं अन्न, म्हणून हेमांगीने नाकाला ओढणी लावली.

डबा रिकामा होता. घासलेला. ओला.

“रोज असाच आणायचे,” वहिनी म्हणाल्या. “म्हणायचे, दिव्यात पाणी कुठंय, तिथेच धुतो.”

डबा हातात फिरवत त्यांनी विचारलं, “म्हणजे जेवले ना गं ते?”

हेमांगीने होकारार्थी मान हलवली.

वहिनींनी डबा फळीवर पालथा घातलाय. रोज सकाळी कोरडा पुसतात. दुपारी एकनंतर तो पुन्हा ओला असतो...

परवा दुपारी मी स्वतः आतून बोट फिरवून पाहिलं. बोट ओलं झालं.